शेंदराखालचं नाव

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी खासबागेत चहाच्या गाड्यावर रंगात आलो होतो. सीमेवरच्या कोगनोळीला मारलेला माझा षटकार कर्नाटकातून निघून थेट महाराष्ट्रात कसा पडला, ते सांगत होतो. चेंडू हवेतच राहिला... त्या फोनला आता महिना होऊन गेला.

दत्ता आमच्या संघाचा यष्टिरक्षक. कॅम्पातल्या शाळेत विज्ञान शिकवायचा. निपाणीला स्पर्धेला जाताना वाटेत एका शास्त्रज्ञाचं स्मारक लागायचं. स्मारक कसलं, बांधावरचा गुडघाभर दगड, त्यावर कोरलेलं नाव. तंबाखूची रोपं कशानं मरतात ते या माणसानं शोधून काढलेलं, पण तिथल्या गावालाही त्याचा पत्ता नव्हता. दत्ता दरवेळी विनवायचा, "पाच मिनिटं थांबूया रं, नाव तरी वाचा." कोण थांबतंय! शेवटी मलाच दया आली आणि मी टेम्पोत थाप ठोकली, "या दगडाला शेंदूर लावला की टॉस हरत न्हाय. माझ्या आज्ज्यानं याच्याच जोरावर गोऱ्या साहेबांना हरवलंय!"

टेम्पो करकचून थांबला. गावातनं शेंदूर आला, पहिलं बोट मीच लावलं. त्या दिवशी टॉस तर टॉस, आम्ही कपसुद्धा उचलला!

मग काय, येणारा-जाणारा एकेक संघ तिथं थांबायला लागला. नारळ, लिंबू, उदबत्त्या... दगडाचा 'टॉसोबा' झाला. दत्ता सुट्टीला बसनं जाऊन शेंदूर खरवडायचा. मला एकदाच म्हणाला, "शिवा, आधी कोण वाचत न्हवतं, पण नाव दिसत तरी होतं." मी हसण्यावारी नेलं.

परवा तिथं गेलो. एक संघ हात जोडून उभा होता. म्हटलं, "पोरांनो, ह्यो देव न्हाय, शास्त्रज्ञ हाय. टॉसचं मीच रचलंय."

"काका, मॅचच्या दिवशी असलं बोलू नगा," कप्तान कळवळून म्हणाला, आणि वडीलधारा म्हणून नारळ माझ्याच हातात दिला.

फोडला मी...

त्यांची गाडी गेल्यावर दगडामागच्या फटीत दत्ताचा तारेचा ब्रश सापडला. मांडी घालून घासत बसलो. पोरांचा ओला शेंदूर लगेच निघाला. दत्ता आजारी पडल्यापासून साचलेलाही सुटत गेला. अक्षरांच्या खाचांत मुरलेला पहिला, माझ्या बोटाचा, तेवढा निघेना. नाव अजून वाचता आलेलं नाही.