नाना माझं गाव पाहायला निघाले

नाना तहान नसताना पाणी मागायचे. परक्या गावात, भर दुपारी, जे दार समोर येईल त्या दारात उभे राहून हाक द्यायचे, "घरात कोन हाय का? घोटभर पानी भेटंल का?" त्यांच्या पिशवीत घरून आणलेली भरलेली बाटली असायची. हाक द्यायच्या आधी ती उपरण्याखाली नीट दडवून ठेवायचे.

नाना सोयरिकी जमवायचे. धंदा म्हणून नव्हे, हौस म्हणून. एखाद्याला पत्त्यांचा नाद असतो तसा त्यांना लग्नांचा होता. भोकरदनपासून शहागडपर्यंत कुठे लग्नाचा मुलगा आहे आणि त्याचा चुलता कसा आहे, सगळं तोंडपाठ. नात्याने ते आमचे लांबचे, पण बदनापुरात घराला घर लागून. माझ्या आईवडिलांचं लग्नही त्यांनीच जमवलेलं. वडील लवकर गेले, आणि तेव्हापासून आमच्या घराची काळजी करणं हा नानांनी आपला हक्कच मानला.

त्यांच्या पाणी मागण्यामागे एक शास्त्र होतं. "पोराचं घर कुनीबी आवरून ठिवतं," ते म्हणायचे, "शेजारचं बघावं." दार सुनेनं उघडलं आणि चार शब्द ती स्वतः बोलली, तर गाव बराबर. ती आत पळाली आणि सासू बाहेर आली, तर नाना पाणी पिऊन सरळ बस स्टँड गाठायचे. "जिथं सुनेला तोंड न्हाई, तिथं आपली लेक मुकी व्हती." एकदा शहागडकडे त्यांनी पाणी मागितलं ते घर नेमकं मुलाचंच निघालं. मुलाच्या आईने ओळखलं, पुरणपोळी वाढली, आणि नानांनी भिडेखातर लग्न ठरवून टाकलं. ते जोडपं अजून भांडतं आहे. पुरणपोळीवरून नानांना चिडवण्याची संधी बदनापुरात कोणी सोडली नाही.

मला मात्र एक गोष्ट खुपायची. नाना साऱ्या गावाची चौकशी करायचे, पण मुलीला कधी विचारायचे नाहीत. माझ्यासाठी आणलेली स्थळं मी एकामागून एक नाकारली, तेव्हा ते रागावले नाहीत, पण चकित झाले. मुलीलाही मत असतं हे त्यांना नवीनच होतं.

पुढे मी नर्स झाले आणि नोकरीसाठी एकाच वेळी दोन ठिकाणी निवड झाली. एक मुंबईच्या पलीकडच्या उपनगरात, खाजगी दवाखान्यात. तिथली माणसं पहाटे कामाला जातात आणि रात्री झोपायला परत येतात. दुसरी कोकणात, मच्छिमारांच्या गावातल्या सरकारी उपकेंद्रात. आईचा कौल उपनगराला. तिथून जालन्याला थेट गाडी होती. मला काहीच सुचेना. भावकीत आधीच माझी ख्याती 'लग्नाला नाही म्हणणारी' अशी होती. निवड चुकून परत यावं लागलं असतं, तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि काठी उचलली. "गाव बघितल्याबिगर मी कुत्र्याचं पिल्लूबी कुनाला दिलं न्हाई. चल माय."

उपनगरात सोसायटीच्या फाटकावर वॉचमनने विचारलं, "कितव्या नंबरला जायचंय?" नाना म्हणाले, "कोनताबी द्या." वॉचमन इतका हसला की त्याने आम्हाला आत सोडलं. पहिल्या मजल्यावर एका तरुण बाईने दार उघडलं. गार पाणी दिलं, बिस्किटं दिली, चहा टाकला. सासरचं सांगितलं, माहेरचं सांगितलं, नवऱ्याच्या डब्याचं सांगितलं. आम्ही उठलो की म्हणायची, "बसा ना आजोबा, संध्याकाळपर्यंत कोणी येत नाही." नानांच्या शास्त्राप्रमाणे जागा पैकीच्या पैकी पास होती. जिना उतरताना मात्र त्यांनी दोनदा मागे वळून त्या दाराकडे पाहिलं.

"सून बोलली की, नाना," मी म्हणाले.

"लई बोलली. किती दिसांचं साचल्तं तिचं, माय."

मग कोकण. नाना माळकरी. गावात शिरताच त्यांनी उपरणं नाकाला लावलं ते काढलंच नाही. दोघांनीही समुद्र कधी पाहिलेला नव्हता, मी बघत उभी राहिले तर म्हणाले, "समुद्र कुठं पळून चालला? आधी घरं बघू." नुकत्याच होड्या लागल्या होत्या. एका अंगणात एक बाई मासळी निवडत बसली होती. नानांनी हाक दिली.

ती मान वर न करता म्हणाली, "हात गुंतलेत, दिसत नाय काय? माठ आहे तिथं, घ्या. नि मला पण द्या एक ग्लास."

नानांनी स्वतःच्या घरीसुद्धा कधी पाणी उचलून घेतलं नव्हतं. मला वाटलं, आता काठी आपटून निघतील. पण ते मुकाट्याने माठाकडे गेले, ग्लास भरला, तिला नेऊन दिला. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "आता ती टोपली सावलीत सरकवा जरा." टोपलीत बांगडे. नानांनी डोळे मिटले, तोंडातल्या तोंडात विठ्ठल म्हटलं आणि सरकवली. मग बाई माझ्याकडे वळली. मी नर्स आहे हे कळताच तिने सुजलेला हात पुढे केला. माशाचा काटा मोडून आत राहिला होता. मी तिथेच खाली बसले, पाणी गरम करून घेतलं, काटा काढला, पट्टी बांधली. आम्ही कोण, कुठले, हे तिने त्यानंतर विचारलं.

परतीच्या बससाठी थांबलो तेव्हा नाना केळी खात होते. सकाळपासून त्यांच्या पोटात दुसरं काही गेलं नव्हतं. साल सोलता सोलता त्यांनी विचारलं, "तुला काय वाटतं?"

मी दचकलेच. नाना मुलीला विचारत होते.

"इथंच यावंसं वाटतं," मी म्हणाले. "पण तुम्हाला तर वाससुद्धा सहन होत नाही."

"मला घास उतरंना, हे खरं हाय. पन नांदायचं तुला हाय. मला न्हाई."

नानांनी आजवर ज्या लेकी सासरी धाडल्या त्या सगळ्यांना एकच आशीर्वाद दिला होता, दिल्या घरी सुखी राहा. मला निरोप द्यायला ते बदनापूर स्टेशनवर आले, तेव्हा मीही तेच ऐकायच्या तयारीत होते. गाडी हलली तशी ते खिडकीला धरून चालायला लागले. "न्हाई जमलं तर जल्दी फोन कर. जमवलं मी, मोडायलाबी मीच येतो."

पहिल्याच पावसाळ्यात मी हरले. सतत पाऊस, सतत गेलेली वीज, गावात सगळे माझ्या बोलण्याला हसायचे, आणि जेवणात ज्वारीची भाकरी नाही. एका संध्याकाळी फोन करून मी रडले. "नाना, मला न्यायला या."

"येतो," ते म्हणाले. कारण विचारलं नाही, समजूत घातली नाही.

आणि खरंच आले. दुखरे गुडघे घेऊन, भर पावसात, दोन गाड्या बदलून. ते पोचले तेव्हा मी एका अडलेल्या बाळंतिणीपाशी होते. तिन्हीसांजेला परतले तर नाना उपकेंद्राच्या पायरीवर बसलेले. बांगडेवाल्या बाईने त्यांच्यासाठी नव्या भांड्यात वेगळा वरणभात रांधून आणला होता.

"पिशवी भरली का?" नानांनी विचारलं.

"नाना, मुलगी झाली. पण बाळंतीण अजून नाजूक आहे. रात्री परत जावं लागेल."

"बराबर. मंग उद्या निघू."

"उद्या लसीकरण आहे."

नानांनी माझ्याकडे बघितलं आणि उपरण्याने तोंड पुसून हसले. "मंग मी येकटाच आल्तो तसा येकटाच जातो, म्हन की."

सकाळी मी त्यांना एसटीत बसवलं. तीच आमची शेवटची भेट. पुढच्या उन्हाळ्यात नाना गेले. मी अजून त्याच गावात आहे. इथली माणसं मला आता सांगतात की मी बोलते ती भाषा बदनापूरचीही राहिली नाही आणि इथलीही झाली नाही. असू दे. माझी हाक ऐकून न्यायला येणारं माणूस मला मिळालं होतं. नाना, तुम्ही न्यायला आलात, म्हणूनच मी राहिले.