पंखा फिरतोय तोवर

त्याला गल्लीत सगळे उजेड म्हणत. कागदोपत्री नाव काय असेल ते असो, पण वीज गेली की सगळ्या खिडक्यांतून एकच हाक यायची, उजेडला बोलवा. आणि वीज आली की त्याच खिडक्या पटापट बंद. गरज सरो नि वैद्य मरो, ही जगाची रीतच आहे. उजेडला त्याचं काही वाटत नसे. वायरमनचं काम झालं म्हणजे लोक त्याला विसरतात, आणि लोक विसरले म्हणजेच काम नीट झालं, असं त्याचं साधं गणित होतं.

त्याच्या गोष्टी सांगायला बसलं तर रात्र पुरायची नाही. एकदा एका खांबावर कावळीनं तारांच्या तुकड्यांचं घरटं बांधलं. काढून टाक, असा हुकूम आला. हा वर चढला, आत पिल्लं बघितली आणि तसाच खाली उतरला. पिल्लं उडेपर्यंत रोज जाऊन घरट्याची एकेक तार हळूच काढायची आणि तिथं काटकी खोवायची, असा उद्योग त्यानं चालवला. शेवटी घरटं काटक्यांचं झालं, धोका गेला, पिल्लं मोठी झाली. कावळी मात्र उपकार मानणाऱ्यांतली नव्हती. पुढं कित्येक महिने त्याचं पिवळं हेल्मेट दिसलं की ती गल्लीच्या टोकापासून यायची आणि डोक्यावर टोच मारून जायची. भलं करायला गेला आणि टोचा खाऊन आला, असं त्याची बायको सगळ्यांना हसून सांगे.

बायकोही काही कमी नव्हती. ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती. चादरींचे ढीग मोठ्या यंत्रांत घालायचे, वाफेत उभं राहून काढायचे, इस्त्रीच्या रुळांवर द्यायचे. हातानं जेवढी चपळ, तेवढीच जिभेनं. लोक उंटावरच्या शहाण्याची गोष्ट सांगतात, ती नवऱ्याला खांबावरचा शहाणा म्हणायची.

या घराची एक रीत होती, ती आधीच सांगून ठेवतो. लग्न नवं असताना उजेडनं तिला एक किस्सा सांगितला होता. लाइन बंद करून त्याचा जोडीदार वर चढलेला, आणि कुण्या दुकानदारानं आपला जनरेटर सुरू केला. त्याची वीज उलटी तारेत आली आणि जोडीदाराचा हात भाजला. जीव वाचला, एवढंच नशीब. तेव्हापासून वीज गेली की ही बाई कुरकुर करायची नाही. उठायची, घरातली सगळी बटणं एकेक करून बंद करायची आणि म्हणायची, "कुणी हात लावू नका. कुणाच्या तरी घरचा माणूस वर आहे." यांच्या घरात जनरेटर नव्हता, बटणं चालू राहिली असती तरी वरच्या माणसाचं काही बिघडलं नसतं. पण रीत ती रीत. वीज परत येईपर्यंत त्या घरात कुणी बटणाला शिवत नसे.

त्यांना एकच मुलगी. बापानं लाडानं नाव ठेवलं ठिणगी, आणि पोरगी निघाली राखेखालच्या निखाऱ्यासारखी गप्प. बोलायची, पण घरातल्या घरात. ती शाळेत जायच्या वयाची झाली आणि नेमकी साथ आली. शाळेला कुलूप लागलं. पहिलीचं अख्खं वर्ष तिनं बापाच्या तडा गेलेल्या फोनवर काढलं. बाई तिच्यासाठी नखाएवढ्या चौकोनातली एक मुंडी होती, मधेमधे थिजणारी.

त्याच काळात ते घडलं. हॉस्पिटलं भरलेली, तिथली वीज एक क्षण जाऊन चालणार नव्हती, आणि वायरमन एकेक करून आजारी पडत होते. उरलेल्यांना उपकेंद्रातच मुक्कामाला ठेवायचं ठरलं. निरोप आला तेव्हा उजेड ड्युटीवरच होता. सकाळी निघताना तो नेहमीसारखं दारातून म्हणाला होता, "येतो संध्याकाळी." तो परतला महिन्याभरानं. आईसुद्धा घरी आली तरी अंघोळ करून, कपडे उकळत्या पाण्यात टाकून, हातभर लांबच बसायची. मावशी राहायला आली होती म्हणून घर चाललं. पण त्या महिन्यात ठिणगीनं मनाशी एक गोष्ट पक्की केली: डोळ्याआड झालेल्या माणसाचं काही खरं नाही. बाप परत आला तेव्हा ती रडली नाही, हसली नाही. त्याच्या पॅन्टचा कोपरा मुठीत धरला, तो जेवताना, झोपताना सोडला नाही.

मग साथ ओसरली आणि शाळेचा निरोप आला. शाळा उघडणार, पण अर्धी. निम्मी मुलं एक दिवस, निम्मी दुसऱ्या दिवशी. एका बाकावर एकच मूल. वेळ दुपारच्या आत संपणारी. ज्यांना यायचं नाही त्यांच्यासाठी फोन आहेच, मात्र महिनाअखेर जे वर्गात बसू लागणार नाहीत त्यांना पुढल्या वर्षी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागेल, असंही बाईंनी गोड शब्दांत कळवलं होतं.

नवराबायकोनं जेवणाच्या टेबलावर बैठक मांडली. शाळा नसलेल्या दिवशी आईनं दुपारची शिफ्ट घ्यायची, बापानं पहाटेची. शाळेच्या दिवशी दोघांनाही सकाळीच कामावर जाणं भाग होतं, तेवढा वेळ पोरगी शाळेत. कागदावर सगळं इस्त्री केलेल्या चादरीसारखं सपाट झालं. सुरकुती पडली ती शाळेच्या फाटकात.

ठिणगी फाटकाच्या आत जाईना. रडारड नाही, आरडाओरडा नाही, फक्त बापाचं बोट सोडेना. फाटकाशी आईबापांची ही गर्दी. कुणाचा मुलगा दुसऱ्याचा मास्क घालून घरी गेलेला, कुणाचं पोर बाईंना बघून म्हणालेलं, बाई तुम्हाला पाय पण आहेत. सगळे हसत होते, मुलं एकेक करून आत जात होती. उजेड बोट अडकवून उभा. शेवटी तिला घेऊन परत फिरला. त्या दिवशीची ड्युटी बुडाली. पुढल्या पाळीला आई घेऊन गेली. तिचीही ड्युटी बुडाली. फोरमन तसा भला माणूस, पण तोही म्हणाला की बाबा रे, माणसं आधीच कमी आहेत, आणखी किती झाकू.

घरी बायकोनं त्याला ऐकवलं, "सबंध गावाची लाइन जोडतोस, हे एवढं एक कनेक्शन जोडता येईना?"

उजेडला लागलं ते. लेकीला उचलून आत नेऊन बसवणं काही अवघड नव्हतं. कुणीकुणी तसं सुचवलंही. पण आपला शब्द आपणच खोटा पाडलाय, तो बळानं खरा होणार नाही, एवढं त्याला कळत होतं. आता आपण 'येतो' म्हणून उपयोग नाही. पोरीला दिसेल असं काहीतरी हवं.

संध्याकाळी तो तिला घेऊन जमिनीवर आडवा झाला. वर पंखा फिरत होता. त्यानं तिला समजावलं की हा पंखा तारेवर चालतो, तार खांबावरून येते, आणि खांबाकडे बाबा बघतो. शाळेच्या वर्गातही असाच पंखा आहे.

"पंखा फिरतोय तोवर समजायचं, बाबा कामावर आहे, ठीक आहे, आणि येणार आहे."

ठिणगीनं बराच वेळ पंख्याकडे बघितलं.

"आणि थांबला तर?"

"थांबणारच नाही," उजेड म्हणाला.

आता बघा, कुठल्याही वायरमनला विचारा, तो सगळं बोलेल, पण वीज जाणार नाही असं कधी बोलणार नाही. तोंडातून निघायचा अवकाश, की कुठेतरी फांदी पडतेच. उजेडनं उभ्या जन्मात हे वाक्य उच्चारलं नव्हतं. लेकीपुढं उच्चारलं. बायको पलीकडे कपड्यांच्या घड्या करत होती. तिनं मान वर करून नुसतं बघितलं.

पण मात्रा लागू पडली. पुढच्या पाळीला ठिणगी फाटकातून आत गेली, तीही मागं मान वळवून वळवून. वर्गात तिनं पंख्याखालचं बाक धरलं. बाई नंतर सांगायच्या, पहिल्या दिवशी तिनं पाटीवर (पोरांना बाईंनी पाट्या दिल्या होत्या) एक रेघ ओढली नाही, नुसती वर बघत होती. दुसऱ्या पाळीला रेघ ओढली. तिसऱ्याला आपलं नाव लिहिलं. मग थंडी पडली, आणि पंचाईत झाली. मुलं कुडकुडायला लागली. बाई पंखा बंद करायला उठल्या तर ठिणगी दप्तर भरायला लागली. बाई शहाण्या. पंखा अगदी हळू करून त्यांनी तह केला. त्या वर्गातली मुलं उरलेला महिना स्वेटर घालून, कानटोप्या घालून पंख्याखाली बसली. हवा खेळती पाहिजे असा नियम होताच, बाईंनी तोच पुढं केला.

असं सगळं रुळावर येत होतं, आणि महिनाअखेरच्या पाळीला वारा सुटला. शाळेमागच्या रस्त्यावर झाडाची मोठी फांदी तारेवर कोसळली. तार तुटून रस्त्यावर माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर लोंबायला लागली. फोरमननं उजेडला आणि त्याच्या जोडीदाराला धाडलं. रस्त्याकडेच्या लोखंडी पेटीशी, लोक जिला डीपी म्हणतात, तिथं उजेड पोचला आणि त्याच्या ध्यानात आलं की ही लाइन शाळेची. तार शाळेच्या पलीकडे तुटलेली, म्हणून तिथले पंखे अजून फिरत होते.

आधी बंद केल्याशिवाय तारेला हात लावता येत नाही. शाळा सुटायला अजून अवकाश होता. त्यानं बाईंना फोन लावला. वर्गात फोन मुका ठेवायचा नियम, कुणी उचलला नाही. शाळा सुटेपर्यंत थांबू का, असं त्यानं फोरमनला विचारलं. तिकडून उत्तर यायच्या आतच एक सायकलवाला तारेखालून मान वाकवून गेला, आणि उजेडला उत्तर मिळालं.

त्यानं खटका ओढला. फ्यूज काढले आणि आपल्या खिशात घातले. जो वर चढतो त्याच्याच खिशात फ्यूज, म्हणजे खालून कुणी चुकून लाइन सुरू करू शकत नाही. चिनी मातीचे ते जड तुकडे मांडीला लागत होते. सबंध शाळेचे पंखे त्याच्या खिशात होते.

जोडीदारानं आधी तार तपासली, मग लोंबतं टोक दोरीनं बाजूला बांधलं. उजेड शिडीवरून चढला. वरून शाळेचं छप्पर दिसत होतं, फाटकही दिसत होतं. आता ती पळत बाहेर येईल, आता येईल, असं त्याला वाटत होतं. हात घाई मागत होते. पण खांबावर घाई करणाऱ्याची गोष्ट दुसरेच सांगतात, तो स्वतः सांगायला राहत नाही. म्हणून त्यानं उलट केलं. एरवी करायचा त्याहून सावकाश काम केलं. गाठ मारली, ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. फाटकाकडे पाठ केली आणि ती तशीच ठेवली. जोडीदार नंतर म्हणायचा, त्या दिवसाइतका पक्का जोड मी आयुष्यात पाहिला नाही.

लाइन सुरू झाली. हातातली अवजारं तिथंच टाकून उजेड शाळेकडे पळाला. फाटकातल्या शिपायानं त्याचा ताप मोजल्याशिवाय सोडलं नाही, तेवढा वेळ तो जागच्या जागी नाचत होता.

वर्गाच्या दाराशी बाई उभ्या होत्या. त्यांनी ओठावर बोट ठेवलं (मास्कवरच म्हणा) आणि आत बघायची खूण केली.

ठिणगी बाकावर नव्हती. बटणांच्या फळीशी पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभी होती. पंखा फिरायला लागला होता तरी तिनं जागा सोडली नव्हती.

बाईंनी हळू आवाजात सांगितलं. पंखा थांबला तशी ही उठली. ही आता बाहेर पळणार म्हणून बाई दाराशी आल्या. तर ही दाराकडे आलीच नाही. सरळ बटणांकडे गेली, आणि आजवर ज्या पोरीचा आवाज वर्गानं ऐकला नव्हता ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कुणी हात लावू नका. माझे बाबा वर आहेत."

एका मुलानं विचारलं म्हणे, कशावरून? तर म्हणाली, पंखा थांबलाय ना.

उजेडनं दारातून हाक मारली. तिनं त्याला बघितलं, त्याच्या बुटांवरची धूळ बघितली, पट्ट्यातला पाना बघितला.

"उतरलास?" तिनं विचारलं.

"उतरलो," तो म्हणाला.

तेव्हा कुठं तिनं हात खाली घेतले आणि जाऊन बाकावर बसली. शाळा सुटायला अजून वेळ होता. तो तिला न्यायला आलाय असं तिच्या मनातही आलं नाही.

संध्याकाळी उजेडनं हे बायकोला सांगितलं. मी पंख्याचं वचन दिलं, म्हणाला, आणि ते मोडलंही, तरी ती बसून राहिली. बायको हसली. वचन तुझं होतं, म्हणाली, पण बटणं बंद करताना पदराला धरून ती माझ्यामागं फिरायची. पंखा चालू असला की बाबा कुठेतरी असतो. बंद पडला की तो जवळच असतो. एवढं साधं तुला कळलं नाही, खांबावरच्या शहाण्या? उजेडनं उठून तिच्या घड्यांतली एक चादर ओढली आणि दुसरं टोक तिच्या हातात दिलं. त्याला चादरीची घडी धड घालता येत नसे, पण त्या संध्याकाळी तिनं त्याला सगळ्या घालू दिल्या.

पुढल्या पाळीला तो लेकीला सोडायला गेला. थंडी होती. फाटकाशी त्यानं सवयीनं बोट पुढं केलं. तिनं ते धरलं, दोन पावलं चालली आणि सोडलं. दप्तर सारखं केलं.

"येते," ती म्हणाली आणि आत गेली.

थोड्या वेळानं वर्गाची खिडकी उघडून बाईंनी त्याला हातानं खूण केली. पंखा बंद होता. तिनंच करायला सांगितला होता, मुलांना थंडी वाजते म्हणून. उजेडचं बोट अजून तसंच पुढं होतं. शिपायानं विचारलं, कुणाला दाखवतोस बाबा? तेव्हा त्यानं ते खिशात घातलं आणि शिट्टी वाजवत कामावर गेला.