मी आहे ना!

आईला गुडघा बदलायचा होता तो अकोल्यात. "तिथं माझ्या बहिणी आहेत, डॉक्टर ओळखीचा आहे, इथं काहून?" असं ती शंभरदा म्हणाली. पण मी ऐकतोय थोडाच! बाबा गेल्यावर ती आमच्याकडे आयर्लंडला आली होती. जिना चढताना कठडा धरून दर पायरीला "आई गं" म्हणायची आणि मला ते ऐकवायचं नाही. "तिथं तुझी उस्तवार कोण करणार? इथं मी आहे ना," म्हणालो आणि विषय संपवला. त्या दोन महिन्यांत 'मी आहे ना' हे मी इतक्यांदा म्हणालो, की आज दुसऱ्या कुणी म्हटलं तरी माझ्या अंगावर काटा येतो.

मी तेव्हा ॲथलोनजवळ औषधांच्या एका कारखान्यात होतो. इंजेक्शनच्या खोक्यात घडी घातलेलं पातळ कागदाचं पत्रक असतं ना, जे कुणीही वाचत नाही, ते वाचणं हे माझं काम. छपाईत एक टिंब हललेलं चालत नाही. त्यामुळे औषधांतलं आपल्याला बरंच कळतं असा माझा गोड गैरसमज होता.

ऑपरेशन खासगी इस्पितळात ठरलं. तिथल्या बाईंनी फोन केला, आईंना इंग्रजी येत नसेल तर फोनवरून मराठी दुभाषी देऊ का? मी हसलो. "कशाला? मी आहे ना." बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, घे ना दुभाषी. बायकांच्या काही गोष्टी असतात, त्या आई तुझ्यासमोर बोलायच्या नाहीत."

"सहासष्टाव्या वर्षी कसल्या आल्यात गोष्टी!" मी म्हणालो. शहाणाच ना मी.

पूर्वतपासणीला नर्स फॉर्म घेऊन बसली. मधुमेह? नाही. दमा? नाही. कधी पायात रक्ताची गाठ झाली होती? मी आईला विचारलं. आईनं माझ्याकडे पाहिलं, नर्सकडे पाहिलं, मग खांद्यावरची शाल सारखी करत म्हणाली, "मले कायची होते गाठ-बिठ!" मी 'नो' म्हणालो. नर्सनं खूण केली.

मग दिवाळी आली. मी एकुलता एक, मला बहीण नाही. लहानपणापासून भाऊबीजेला आईच मला ओवाळायची आणि म्हणायची, "समज, ताईनं ओवाळलं." त्या वर्षीही तिनं मला स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी पाट मांडून बसवलं. एक्केचाळीस वर्षांचा घोडा मी! निरांजनाचा धूर होऊन छतावरचा अलार्म कोकलायला लागला, मी टॉवेल हलवत उठलो, तर म्हणाली, "बस, बस, ताईचं पुरं होऊ दे." आम्ही पोट धरून हसलो.

दोन आठवड्यांनी ऑपरेशन. सकाळी आई इस्पितळाचा गाऊन घालून पलंगावर बसलेली, मंगळसूत्र नसलेल्या गळ्याला सारखा हात लावत होती. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. म्हणाल्या, रक्त कमी जावं म्हणून सुरुवातीलाच शिरेतून ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देऊ. माझी कळी खुलली. "अहो, त्याचं पत्रक मीच तपासतो!" बाई हसल्या. मग कागदावर नजर ठेवून त्यांनी सहज विचारलं, "पूर्वी गुठळी वगैरे काही नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. आईला न विचारता. मीच.

"काय म्हणून राहिली ती?" आईनं विचारलं.

"काही नाही गं, नेहमीचंच."

"अरे, पण…" ती म्हणाली, आणि तेवढ्यात न्यायला माणूस आला, पलंग हलला, मी तिच्या हातावर थोपटलं. "घाबरू नको. मी आहे ना."

ऑपरेशन उत्तम झालं. सर्जन म्हणाले, "ग्रँड!" रक्त फारसं गेलंच नव्हतं. मी अकोल्याला सगळ्या मावश्यांना फोन लावले. "रक्ताची एक पिशवी लागली नाही, ऐकताय का?" जणू ती मीच वाचवली होती.

नवव्या दिवशी सकाळी आई वॉकर धरून न्हाणीघरातून निघाली आणि दारातच थांबली. म्हणाली, "दम लागून राहिला रे." मी पाय पाहिला. पोटरी टरारून फुगली होती. हात लावला तर गरम. त्या क्षणी मला कळलं. कुणी सांगायची गरज नव्हती, ते पत्रक मला तोंडपाठ होतं. पूर्वी शिरेत गुठळी झाली असेल, तर देऊ नये.

इमर्जन्सीतल्या तरुण डॉक्टरणीनं मला काही विचारलंच नाही. तिनं स्पीकरवर फोन लावला, पलीकडे कुणी मराठी बाई होती, आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. मी दाराशी उभा. शब्द कळत नव्हते, आवाज कळत होता. धापा टाकत का होईना, आई बोलत होती, सलग, कितीतरी वेळ. मग रडली. फोनवरची बाई मधूनमधून "हो काकू, हो" म्हणत असावी. बाबा गेल्यानंतर आई कुणाशी इतकं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

डॉक्टरीण बाहेर आली. पायातली गुठळी फुप्फुसात गेली होती. औषध सुरू केलंय, पुढचे दोन दिवस महत्त्वाचे, म्हणाली. मग वही बघत, "याच पायाला त्यांना आधीही झाली होती. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, बाळंतपणानंतर. म्हणजे तुमच्याच वेळी."

मी एक्केचाळीसचा. मी मान डोलावली.

त्या इंजेक्शननं झालं का, हे मी विचारलं. ती म्हणाली, तसं सांगता येत नाही, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर एरवीही होतं. पण आधी माहीत असतं तर वेगळा विचार केला असता, नंतर रक्त पातळ ठेवायचं औषधही जास्त दिलं असतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती अगदी मऊ बोलली.

दोन दिवस मी आईच्या उशाशी बसलो. ती डोळे मिटून पडलेली, नाकावर प्राणवायूची नळी. माझ्या डोक्यात एकच, "अरे, पण…" त्या पुढे काय होतं? अर्धा मिनिट थांबलो असतो तर ती बोलली असती का? देवाला म्हटलं, हिला नेऊ नको, मी जन्मात पुन्हा तोंड उघडणार नाही.

ती वाचली. घरी आली. हिवाळाभर खिडकीशी पाय वर करून बसायची, बाहेर चार वाजताच काळोख. मी कामावरून येऊन तिला गोळी द्यायचो आणि तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. माझ्याआधी कोण होतं? विचारायला जीभ रेटेना. कारखान्यात ती ओळ समोर आली की मला तिच्याखाली आईचा पाय दिसायचा. मी साहेबांना सांगून दुसऱ्या औषधांची पत्रकं मागून घेतली.

एके संध्याकाळी भांडी विसळता विसळता भाऊबीज आठवली. खोटीच बहीण मानायची, तर धाकटी का नाही मानली कधी? नेहमी ताईच कशी? हातातली वाटी सिंकमध्ये पडली. आईनं बाहेरून विचारलं, "काय फुटलं रे?"

"काही नाही," मी म्हणालो. पुन्हा तेच.

वसंतात पुन्हा तपासणी होती. मी आधीच फोन करून दुभाषी मागून ठेवली होती. तीच नर्स फोन लावायला लागली, तशी आई म्हणाली, "राहू दे म्हणा तो फोन. तू आहेस नं."

नर्सनं नवा फॉर्म काढला. मी यावेळी शब्द न शब्द विचारला. "पायात रक्ताची गाठ कधी झाली होती?"

"दोनदा," आई म्हणाली. शाल सारखी केली नाही. माझ्याकडेच बघत होती.

"पहिल्यांदा कधी?"

"तुझी ताई झाली तेव्हा."

मी नर्सकडे वळलो आणि इंग्रजीत सांगितलं, माझी मोठी बहीण झाली तेव्हा. आयुष्यात पहिल्यांदाच मी हे वाक्य बोलत होतो, आणि तेही परक्या भाषेत. नर्सनं लिहून घेतलं. इथल्या बायका बोलक्या, तिनं लिहिता लिहिता सहज विचारलं, "बहीण भारतातच असते का?"

"काय म्हणून राहिली ती?" आईनं विचारलं.

मी सांगितलं, होतं तसंच. काही गाळलं नाही.

आई माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "सांग तिले. अकरा दिवस होती."