पायडलला नमस्कार

गाडी थांबत नव्हती. भाट्याच्या खाडीकडे उतरणारा रस्ता, समोरून वर चढणारी एसटी, मागच्या सीटवर सात महिन्यांची पोटुशी माझी लेक, आणि गाडी चालवायला आमचे व्याही. त्यांनी ब्रेकवर सगळं अंग घातलं होतं, पण ब्रेक काही खाली जाईना. अशा वेळी माणूस देवाचं नाव घेतो. व्याही म्हणाले, "तर विहीणबाई, तो शब्द इटलीतून फ्रान्सला गेला." जगात त्यांच्यासारखा दुसरा माणूस नाही, आणि नाही तेच बरं आहे.

शब्द होता पायडल. चार यत्ता शिकलेल्या मला तो शिवणाच्या मशीनमुळे माहीत. पाय ठेवून मशीन चालवायची ती लोखंडी जाळी, एवढाच माझा त्याच्याशी संबंध. व्याही शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले; शब्दांचा नाद त्यांना कुठून लागला कोण जाणे. माझ्या लेकीला बघायला आले तेव्हा मुलीकडे त्यांनी पाहिलंच नाही. पोह्यांची बशी घेऊन थेट माझ्या मशीनपाशी जाऊन बसले आणि विचारलं, "याला तुम्ही काय म्हणता?" मी म्हटलं, "पायडल." "वा!" म्हणून त्यांनी बशी खाली ठेवली ती ठेवलीच. लॅटिनमध्ये पायाला पेस की पेड, संस्कृतात पद, आपल्याकडे पाय; सगळी एका घरची भावंडं. आधी म्हणे चर्चमधल्या मोठ्या बाजाला पायांनी वाजवायच्या पट्ट्या असत, हे नाव त्यांचं. मग ते सायकलीला मिळालं, मशीनला मिळालं, मोटारीला मिळालं. आपल्याकडे पायपेटी होती, पाणी काढायचा पायरहाट होता, पण पायाने दाबायच्या त्या तुकड्याचं हे नाव मात्र बोटीतून आलं. "तरी रक्त आपल्याच गोतातलं, विहीणबाई. म्हणजे माहेरीच आलं म्हणायचं!" पोहे गार झाले. मुलगी पसंत आहे हे सांगायचं राहून गेलं. ते आम्हाला दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं.

ते नुसतं बोलून थांबले असते तर मी सोसलं असतं. पण त्यांचं म्हणणं असं, की जे पायाचं नाव घेऊन जन्माला आलं त्याला चामडं लावायचं नाही, आणि पाय ठेवण्याआधी त्याची माफी मागायची. दसऱ्याला आपण सगळेच यंत्रांना झेंडू वाहतो. यांचा दसरा बारा महिने. कोरोनाच्या दिवसांत दवाखान्याच्या दारात पायाने दाबायची सॅनिटायझरची बाटली लावली होती. माणसं एकमेकांच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती, आणि व्याह्यांनी चपला काढल्या, सगळ्या गावाने पाय दिलेल्या त्या पट्टीला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला. मागून एक मासेवाली ओरडली, "ओ मास्तर, पाया कसल्या पडताय, हात फुडं करा!" तोवर फवारा भिंतीवर गेला होता.

तर पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी लेकीला आणायला त्यांच्या गावी गेले. एसटीने जाऊ म्हटलं, तर व्याही हटून बसले. "माझी सून एसटीचे हिसके खात जाणार? मीच सोडतो." गाडीत बसल्यावर त्यांनी चपला काढल्या, पायांशी नीट जोडीने ठेवल्या, वाकून तिन्ही पायडलांना नमस्कार केला आणि शब्दाची गोष्ट सुरू केली. उतार लागला तशी त्यातली एक चप्पल घसरली आणि ब्रेकच्या खाली जाऊन बसली. हे आम्हाला मागाहून कळलं.

"बाबा, ब्रेक!" लेक किंचाळली.

"दाबतोय गो, दाबतोय!"

"आई, मधला दांडा ओढ! वर ओढ!"

विहिरीतून भरली घागर ओढावी तसा मी तो दांडा दोन्ही हातांनी ओढला. गाडी गर्रकन फिरली, एसटी अंगाला घासल्यासारखी निघून गेली, आणि आम्ही एका आंब्याच्या बागेच्या दगडी गडग्यात शिरलो. जांभ्याचे चिरे टपावर पडले. मी मागे वळले. लेक दोन्ही हातांनी पोट धरून बसली होती. किती वेळाने कोण जाणे, ती म्हणाली, "हलतंय, आई. लाथ मारतंय."

मग मी व्याह्यांकडे वळले. तुमच्या त्या लॅटिनला आग लागो, असं म्हणाले. आणखीही म्हणाले, ते लिहीत नाही. तोवर एसटीचा कंडक्टर धावत आला. त्याने दार उघडलं, खाली वाकून ब्रेकखालची चप्पल उपसून काढली आणि विचारलं, "ही कोणाची?" व्याही म्हणाले, "माझी." पुढे एक अक्षर नाही. मी त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच.

गाडी त्यांनी विकून टाकली. आता एसटीने येतात. चपला पार अंगणाच्या कडेला काढतात, नातीला मांडीवर घेऊन माझ्या मशीनपाशी बसतात. मी मशीनच्या चाकावरची वादी उतरवून ठेवते. नमस्कार चुकत नाही, तो करून ते अनवाणी पायांनी रिकामं पायडल हलवत राहतात आणि त्या खडखडाटात पोरगी झोपते. पण शब्दांचं काही काढत नाहीत. रिक्षात मागे बसले तरी त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जातो, मी पाहिलंय. घरात इतकी शांतता मला सोसत नाही. परवा मीच विचारलं, "काय हो, तो शब्द फ्रान्सला गेला होता ना? मग पुढे?"

त्यांनी झोपलेल्या नातीकडे पाहिलं. "पोचला, विहीणबाई," म्हणाले. "पोचला एवढं पुरे."

त्या गाडीत व्याही होते, मी होते, माझी लेक होती आणि तिच्या पोटात ही होती. सगळी वाचलो.