सुषमाताई आणि कोरियातल्या बायका

भुवया कोरताना सुषमाताई दोऱ्याचं एक टोक दातांत धरायच्या. तेवढा वेळ त्यांचं तोंड बंद असायचं, आणि गिऱ्हाइकाच्या भुवयांची धडगत होती ती तेवढ्यामुळेच. आरशासमोर पावडरच्या डब्याला टेकवलेल्या मोबाईलवर कोरियन मालिका चालू असायची, हिंदीतून. त्यातल्या नायिकेनं काही वेडेपणा केला की ताईंच्या दातांतून दोरा सुटायचा. "बघ, बघ! परत त्याचाच फोन उचलला हिनं!" मग कमरेवर हात ठेवून त्या त्या बाईला दोन गोष्टी सुनवायच्या, आणि गिऱ्हाईक एक भुवई कोरलेली, दुसरी तशीच, अशा अवस्थेत निमूट बसून राहायचं.

मी महाडच्या शाळेत नुकतीच बदलून आले होते तेव्हा माझीही पहिल्याच दिवशी हीच गत झाली. मी हळूच म्हटलं, "ताई, माझी दुसरी भुवई..." तर म्हणाल्या, "थांब गो बाई, हिचा संसार मोडतोय न् तुला भुवईचं पडलंय!" मी शिक्षिका म्हणून त्या मला 'बाई' म्हणायच्या आणि धाकटी म्हणून 'तू' म्हणायच्या. शेवटपर्यंत त्यांनी ह्यातलं एकही सोडलं नाही.

मालिका त्यांना एकाच जातीच्या लागायच्या. नवऱ्यानं टाकलेली किंवा नवऱ्याला सोडून आलेली बाई, आणि मग तिनं नव्यानं मांडलेलं आयुष्य. असल्या सगळ्या मालिका त्यांनी पाहिल्या होत्या आणि एकीवरही त्या पूर्ण खूश नव्हत्या. "पहिल्या भागात रडते, दुसऱ्या भागात केस कापते न् तिसऱ्यात हिला नोकरी! केस कापून नोकरी लागत असती तर अख्ख्या महाडला मी कामाला लावलं असतं." त्यांचा आणखी एक कायमचा आक्षेप होता. "काडीमोड घेऊन बाई माहेरी येते न् घरात भावजय नाय! असं कुठं असतं? कोरियात भावांची लग्नं होत नाय काय?"

पार्लरमध्ये ह्यावरून रोज वाद झडायचे. रुबिनाभाभी, ज्यांचे यजमान आखातात असायचे, दर शुक्रवारी न चुकता यायच्या. त्यांचं म्हणणं असं की नायिकेनं बेकरी टाकली, चार पैसे मिळवले, इथं मालिका संपवावी. "नवा माणूस आणायलाच हवा काय? दुकान आहे ना." सुषमाताई दोरा बोटांना गुंडाळत म्हणायच्या, "दुकानाशी बोलता येत नाय गो भाभी. मी पंधरा वर्षं बोलून बघितलंय." सगळ्या हसायच्या. त्याही हसायच्या. मग मोबाईलचा आवाज थोडा वाढवायच्या.

त्यांचं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत. सासर त्याच तालुक्यातलं, नवरा मुंबईत कामाला. लग्नानंतर दोनेक वर्षांनी मुलगी झाली, ऋतुजा. ती पाचेक वर्षांची असताना नवऱ्याचं दुसरीकडे सूत जमल्याचं ह्यांना कळलं. तो मारायचा नाही, भांडायचाही नाही. घरात ही बाई आहे हेच त्यानं विसरून टाकलं होतं. सासू म्हणायची, तू गावाला जा, शेती बघ, तो येईल अधूनमधून. सुषमाताईंनी घटस्फोट मागितला. नवरा तयार झाला, पण मुलगी आमच्याकडे राहील, ह्या अटीवर.

हे सगळं त्यांनी मला एकदाच सांगितलं, पुराच्या वर्षी. पार्लरमध्ये छातीएवढं पाणी येऊन गेलं होतं आणि आम्ही दोघी फावड्यानं चिखल ओढत होतो. खुर्च्या गेल्या होत्या, आरसा फुटला होता. मी काहीतरी धीराचं बोलायचं म्हणून म्हटलं, "ताई, तुम्ही पुन्हा उभं कराल सगळं. एकदा केलंयच की." त्या फावडं टेकवून उभ्या राहिल्या.

"उभं केलं गो. पार्लर उभं केलं. पण वकील काय म्हणाला होता ठाव हाय? म्हणाला, पोरगी मागाल तर वर्षं जातील. न् मला सुटायची घाई होती, बाई. मी सही केली."

"तुमच्याकडे तेव्हा कमाई नव्हती. कोर्टानं तरी..."

"नसती दिली. पण मी मागितली तर असती! पुढं तिला सांगायला झालं असतं, मागितली होती म्हणून." त्यांनी पुन्हा फावडं उचललं. "सुरुवातीला जायची मी मुंबईला. सासू दार उघडायची नाय. मग जायचं सोडलं. दार उघडत नसलं तरी जायला पायजे होतं."

ऋतुजा त्यांच्या आयुष्यात परत आली ती ह्याच मालिकांमुळे. ती तेव्हा मुंबईत नोकरीला लागली होती. पार्लरचा नंबर तिनं कुठून तरी मिळवला असावा. सुषमाताईंनी व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीला एका मालिकेतला फोटो ठेवला होता. तो बघून एका अनोळखी नंबरवरून प्रश्न आला, "तुम्ही पण ही बघता? मी ऋतुजा." पहिलं वाक्य मालिकेचं आणि नाव मागाहून. त्या दिवशी सुषमाताईंनी पार्लरचं शटर भर दुपारी ओढून घेतलं आणि माझ्या शाळेत आल्या. मधल्या सुट्टीत मला बाजूला घेऊन फोन दाखवला. "काय लिहू गो? चूक झाली तर परत नाय यायची ती."

मी म्हटलं, "तिनं मालिकेचं विचारलंय, तुम्ही मालिकेचं सांगा."

मग दोघी मालिकांवर बोलू लागल्या. फोनवर थेट नाही. आवाज रेकॉर्ड करून एकमेकींना पाठवायच्या. ऋतुजा आधी 'तुम्ही' म्हणायची, काही महिन्यांनी 'तू' म्हणू लागली, 'आई' मात्र कधी म्हणाली नाही. मालिकेबाहेरचं दोघी सहसा बोलत नसत, पण मालिकेतलं बोलताना काय बोलताहेत हे दोघींना पुरतं ठाऊक होतं. एकदा ऋतुजानं पाठवलेलं ताईंनी मला ऐकवलं. मुलीचा आवाज अगदी शांत होता. "ही बाई मला नाही आवडली. मुलाला नवऱ्याकडे ठेवलं, स्वतः दुकान थाटलं, छान छान कपडे घातले. मुलगा महिन्यातून एकदा भेटतो. ही कसली नायिका?"

सुषमाताईंनी फोन तोंडाजवळ धरला. मग बटण दाबून म्हणाल्या, "त्या बाईचं चुकलंच. पण लिहिणाऱ्यानं तिला एकटीला रडताना दाखवलं नाय, ते पण चुकलं."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "हो. ते दाखवायला हवं होतं."

तेवढ्या एका वाक्यावर ताई पुढचा आठवडाभर उडत होत्या. रुबिनाभाभींच्या भुवया त्यांनी फुकट करून दिल्या आणि वर मेंदीही लावली.

मग ऋतुजाचं लग्न ठरलं. मुलगा चिंचवडचा. स्थळ आलं तेव्हा तिच्या घरच्यांनी मुलीची आई वारली असं सांगून टाकलं होतं. ऋतुजानंच हे ताईंना रडत रडत कळवलं. ताईंनी उत्तर पाठवलं, "असू दे गो. तुझं नीट होऊ दे." नंतर माझ्याजवळ म्हणाल्या, "मेलेल्या बाईवर कोण रागावत नाय. ते बरंच हाय." लग्न मे महिन्यात महाडलाच, एका हॉलमध्ये होतं, मुंबईची मंडळी गावाकडे येऊन लग्नं करतात तसं. आठ दिवस आधी ऋतुजाचा निरोप आला. "माझा मेकअप तू करशील?"

असं मालिकेत दाखवलं असतं तर सुषमाताईंनी दोरा सोडून शिव्या घातल्या असत्या. पण त्यांनी नवे ब्रश मागवले, स्वतःसाठी साधी, फिकट रंगाची साडी निवडली आणि मला म्हणाल्या, "तू चल. निऱ्या धरायला कोणतरी पायजे."

नवरीच्या खोलीत शिरताना दारात ऋतुजाचे वडील भेटले. त्यांनी ताईंकडे पाहिलं, मान खाली घातली आणि बाजूला होऊन वाट दिली. आत ऋतुजा खुर्चीत बसली होती. सतरा-अठरा वर्षांनी मायलेकी समोरासमोर येत होत्या. ताईंनी बॅग खाली ठेवली, तिची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि म्हणाल्या, "रडायचं नाय. काजळ उतरतं." दोघीही रडल्या नाहीत. तासभर त्या खोलीत ब्रशचा आणि बांगड्यांचा काय तो आवाज होता. ताई इतक्या हलक्या हातानं काम करत होत्या की बघणाऱ्याला वाटावं, चेहरा पुसला जाईल अशी भीती वाटतेय त्यांना.

मुंडावळ्या बांधत असताना नवऱ्या मुलाची आई आत आली. हसऱ्या चेहऱ्याची, ठेंगणी बाई. तिनं ऋतुजाकडे कौतुकानं पाहिलं आणि मग सुषमाताईंना विचारलं, "किती सुंदर तयार केलंत हो. तुम्ही हिच्या कोण?"

ऋतुजानं ताईंचं मनगट धरलं. ती म्हणाली, "ह्या माझ्या..."

"मी पार्लरवाली," सुषमाताई घाईघाईनं म्हणाल्या. हसल्या सुद्धा. "हितलीच, महाडची."

त्या बाईनं हातातली पिशवी पदराआड घेतली. "बरं," म्हणाली आणि निघून गेली. ऋतुजानं मनगट सोडलं. त्यानंतर तिनं आरशाकडेही पाहिलं नाही आणि आमच्याकडेही पाहिलं नाही. ताईंनी मुंडावळ्यांची गाठ पक्की केली, ब्रश गोळा केले आणि आम्ही मागच्या दारानं बाहेर आलो. रिक्षा मिळेपर्यंत मंगलाष्टकं सुरू झाली होती. लाऊडस्पीकरवरून 'सावधान' ऐकू आलं तसा ताईंचा हात आपोआप वर गेला. मुठीत काहीच नव्हतं. तो हात त्यांनी कपाळाला लावला.

रिक्षात मी विचारलं, "ती सांगणार होती ना?"

"सांगणार होती. म्हणून तर मी बोलले." त्या बाहेर बघत होत्या. "मांडवात उभी राहायच्या आधी पोरीचं खोटं उघडं पडलं असतं. एकदा माझ्यापायी तिचं घर मोडलंय."

चार दिवसांनी ऋतुजाचा निरोप आला. ह्या वेळी आवाज नव्हता, एकच ओळ होती. "तू मला दुसऱ्यांदा सोडलंस."

सुषमाताई उत्तर रेकॉर्ड करायच्या आणि पुसायच्या. पार्लरमध्ये गिऱ्हाईक नसलं की मागच्या पडद्याआड जाऊन त्यांचं हेच चालायचं. मी म्हटलं, सरळ फोन करा. मी म्हटलं, चिंचवडला जाऊ, मी येते सोबत. त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "नवं घर हाय तिचं. जरा रुळू दे." गणपती होऊ देत म्हणाल्या, मग दिवाळी होऊ दे म्हणाल्या. दिवाळी झाल्यावर काही म्हणाल्याच नाहीत.

मालिका चालूच होत्या, पण त्यांची मतं आटत गेली. केस कापणाऱ्या नायिकेवर त्या आता चिडत नसत. भावजयीबद्दल कोणी मुद्दाम छेडलं तरी नुसतं हसत. एकदा मात्र मी आणि रुबिनाभाभी बसलेल्या असताना मोबाईलवर असा प्रसंग आला की नायिकेचा मुलगा दारात उभा आहे आणि ती ओठ घट्ट मिटून नुसती बघते आहे. सुषमाताईंच्या दातांतून दोरा सुटला. "बोल गो!" त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या की भाभी खुर्चीतून उठल्या. "बोल ना! तो जाईल आता! बोल!" नायिका बोलली नाही. ताईंनी मोबाईल पालथा घातला आणि म्हणाल्या, "बसा भाभी. भुवई राहिलीय."

जानेवारीत एका सकाळी त्या पार्लर उघडता उघडता कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दवाखान्यात त्या शुद्धीवर आल्याच नाहीत. पोलादपूरहून भाऊ-भावजय आली. भावजयीनं हंबरडा फोडला आणि तो खोटा नव्हता. सावित्री नदीच्या काठी त्यांना अग्नी दिला. ऋतुजाला फोन मी केला होता, पण ती अंत्यदर्शनाला पोहोचू शकली नाही.

ती आली तिसऱ्या दिवशी, नवऱ्याबरोबर. रेल्वेगाडी वीर स्टेशनला उशिरा पोहोचली म्हणून रिक्षा करून थेट पार्लरवर आली. किल्ली माझ्याकडे होती. नवरा बाहेरच थांबला. ऋतुजा आत येऊन गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसली आणि तिनं पहिला प्रश्न तोच विचारला. "त्या दिवशी ती असं का बोलली, मावशी?"

मी सांगितलं. रिक्षातलं सगळं, ताईंच्याच शब्दांत. तुझं खोटं उघडं पडेल म्हणून घाबरली, म्हटलं. तुझ्या सासरी ती वारलेली होती ना.

ऋतुजानं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "मी सांगितलं होतं. नवऱ्याला, सासूबाईंना, दोघांना. लग्नाच्या महिनाभर आधी. सासूबाईच म्हणाल्या, मेकअपच्या निमित्तानं तरी बोलाव त्यांना. त्या दिवशी सासूबाई मुद्दाम आत आल्या होत्या. विहिणीचा मान म्हणून साडी आणली होती आईसाठी. त्यांना वाटलं, मी 'ही माझी आई' म्हणेन आणि त्या सगळ्यांसमोर आईला मांडवात घेऊन जातील. आईनं स्वतःच नाही म्हटल्यावर त्या काय करणार? त्या अजून म्हणतात, विहीणबाई मानी होत्या."

"मानी नव्हती गं," मी म्हटलं. "तुझ्यासाठी भ्यायली होती. तुझ्या मेसेजनंतर किती वेळा उत्तर बोलली आणि पुसलं तिनं."

ती 'आई' म्हणाली होती, हे मला जरा उशिरा लक्षात आलं. ऐकायला ताई नव्हत्या. बाहेर तिचा नवरा रिक्षावाल्याला अजून थोडं थांबायला सांगत होता.

"तिनं मला विचारायचं ना एकदा," ऋतुजा म्हणाली. मग खाली बघत, "मी तरी कुठं सांगितलं तिला? आधी वाटलं, त्या दिवशीच कळू दे. नंतर रागावले होते. म्हटलं, आधी ती फोन करेल."