पत्र्याखालचं जावळ

मी आकुर्डीला निघाले त्या दिवशी आबा, म्हणजे माझे वडील, अख्खा कळप घेऊन एस.टी.च्या थांब्यावर आले. मेंढरं सोडून यायचं तरी कुणाच्या भरवशावर? रस्ता अडला तसा कंडक्टर खेकसला, "पाव्हणं, मेंढरांचीबी तिकिटं काढायची का?" सगळी बस हसली, आबाही हसले. मी खिडकीशी बसलेली, मांडीवर चार महिन्यांची सुमन. त्या हसण्यात रडायचं राहूनच गेलं.

नवऱ्याला कंपनीत लागून तेव्हा दोन वर्षं झाली होती. खोली म्हणजे चार भिंती आणि वर उघडा पत्रा. माघात बरी वाटली. चैत्र लागला आणि अकराच्या पुढे आत बसवेना. सुमनच्या अंगभर घामोळं उठलं, दूध ओढेना, नुसती किरकिरायची. शेवटी हे म्हणाले, "उन्हाळाभर गावी जा. पाऊस लागला की परत आणतो." आमच्या चाळीतल्या तिघी अशाच उन्हाळ्यापुरत्या गेल्या होत्या. दोन पावसाळे झाले, त्यांचे नवरे अजून खानावळीतच जेवत होते. मला जायचं नव्हतं, साफ सांगते. माहेरची माया नव्हती असं नाही, पण मला माझा संसार हवा होता.

हे शिफ्टवरून यायचे ते हात खाजवतच. कंपनीत भट्टीला काचेची लोकर गुंडाळायचं काम, आतली धग बाहेर येऊ नये म्हणून. मी म्हटलं, आतली बाहेर येत नाही, तर तीच पत्र्याखाली लावल्यावर बाहेरची तरी आत कशी येईल? आणि त्याला काचेचीच कशाला हवी? आबा भर उन्हात डोक्यावर घोंगडं टाकून मेंढरांमागं हिंडतात, ते काय खुळे आहेत? "अगं बाई, लोकरीनं खोली आणखी उबेल!" हे म्हणाले. शेजारीण तर तोंडाला पदर लावून हसली. हसेनात का! मी पोस्टकार्ड टाकलं, 'जाडीभरडी असली तरी चालेल, पण दोन पोती लोकर पाठवा, सुमनसाठी हवी आहे.' पत्र्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. चूक झाली ती तिथेच.

पंधरा दिवसांनी गावचा माणूस पोती टाकून गेला. आत हात घातला आणि चरकलेच. जावळ! कोकराची पहिली कातरण, तिला आमच्यात जावळच म्हणतात. याच्या घोंगड्याला सगळ्यात मान. नातीच्या गादीत भरायला म्हणून आबांनी सगळ्या कोकरांचं काढून दिलं होतं. परत पाठवावं, तर सुमनचं अंग तापलेलं. काळजावर दगड ठेवला. लोकर धुतली, पिंजली, कसर लागू नये म्हणून लिंबाचा वाळला पाला चुरून घातला. गोणपाटात पसरून वाकळेसारखी टाचली आणि ह्यांनी ती पत्र्याखाली तारेनं आवळली. आठ दिवस खोलीला मेंढराचा वास येत होता, चाळ नाक मुरडत होती. पण तिसऱ्या दिवशी दुपारी सुमन झोपली, चांगली दोन तास. मी कामं सोडून तिच्याकडे बघत बसले. गावी जायचा विषय ह्यांनी पुन्हा काढला नाही.

वैशाखात आबा नातीला बघायला आले. पाणी प्याले आणि म्हणाले, "पोरीची गादी कुटं हाय?"

मी वर बोट केलं. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आबा किती तरी वेळ वर बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मंग हितंच ऱ्हानार म्हना की," ते म्हणाले.

"व्हय आबा."

मग जेवले, त्या पत्र्याखाली तासभर आडवे झाले आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले.

आता निगडीत स्लॅबचं घर आहे. गावी गेले की कुणी ना कुणी विचारतं, घर कुठं गं तुझं? निगडी, म्हणते मी, आणि ते खरंच आहे. आबा तिथं बसलेले असले, तर तेवढं त्यांच्याकडे न बघता म्हणते.