सुयोगने मारलेले सात गोल

आता ही फजिती मी स्वतःच्या तोंडाने सांगतोय म्हणून माझा फार मोठेपणा समजू नका. मालवणच्या मासळी बाजारात ती सगळ्यांना ठाऊक आहे. तिथून तिखटमीठ लावून तुमच्यापर्यंत पोचण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐकलेली बरी. चहा घ्या आधी, निवतोय.

मी कॉलेजात क्रीडाशिक्षक. धुरी सर म्हणतात मला. अठ्ठावीस वर्षं गळ्यात शिट्टी घालून फिरतोय. आमच्या भागातली पोरं क्रिकेट नाहीतर कबड्डी खेळणार, फुटबॉल म्हणजे गोव्यातल्या पोरांचं काम असं सगळे धरून चालतात. मला मात्र फुटबॉलचं वेड. आमचा संघ दर वर्षी पहिल्या फेरीत हरायचा आणि वाटेत कुठेतरी भजी खाऊन घरी यायचा. शेवटी गेल्या वर्षी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून शांतपणे सांगितलं, की यंदा पहिली फेरी जिंकली नाही तर फुटबॉल बंद. मैदान क्रिकेटवाल्यांना.

आता सांगा, अठ्ठावीस वर्षांनी माणसाच्या हातून त्याचा खेळ काढून घेतला तर त्याने करायचं काय? कवायत घ्यायची नुसती?

मला हवा होता एक गोल मारणारा. आणि तेवढ्यात नाव कानावर आलं सुयोगचं. आचऱ्याच्या अलीकडे एक वाडी आहे, तिथला. बारावी झालेला, आमच्याकडे बी.ए.ला येऊ बघणारा.

आमच्या कॉलेजात मानसी मॅडम म्हणून आहेत, कॉम्प्युटर शिकवतात. त्यांना खेळातलं कळतं, हे मी तेव्हा मानत नव्हतो. त्यांनी कुठून तरी सुयोगच्या एका मॅचचा मोबाइलवरचा व्हिडिओ मिळवला आणि तीन-तीनदा बघितला. मग मला म्हणाल्या, "सर, हा बॉल पायात असला तरच पळतो. बाकी वेळ कमरेवर हात. मला नाही वाटत हा चालेल."

मी हसलो. म्हटलं, मॅडम, मोबाइलात बांगडासुद्धा सुरमईएवढा दिसतो आणि सुरमई बांगड्याएवढी. मी आजवर कल्ला उचलून बघितल्याशिवाय बांगडा घेतला नाही, खेळाडू कसा घेईन? माणूस प्रत्यक्ष बघावा लागतो.

 जाताय तर मोबाइलवर शूटिंग तेवढं करा, एवढंच मॅडम बिचाऱ्या म्हणाल्या. मीही उदार मनाने हो म्हटलं.

तर मे महिन्यात एका दुपारी मी निघालो. गुपचूप. कारण निवड करणारा येतोय हे कळलं की खेळाडू बिथरतो, हा माझा अनुभव. गळ्यातली शिट्टी काढली, डोक्यावर टोपी घातली, आणि कोणी विचारलंच तर काजूची कलमं बघायला आलोय असं सांगायचं ठरवलं. माझा बेत फक्त आमच्या हिला माहीत होता.

वाडीच्या स्टॉपवर उतरलो तर एक म्हातारे गृहस्थ जणू माझीच वाट बघत उभे. खंय जातास, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काजूची कलमं बघायला. "बगा, बगा, कलमा बरी आसत," असं म्हणून त्यांनी मला धरून नेलं ते थेट मॅच चालू होणार होती त्या शेतात. कापणी झालेलं सुकं शेत, बांबूचे खांब आणि त्यांना मासेमारीचं जुनं जाळं लावून केलेले गोल. एका गोलच्या अगदी बाजूला, मेरेवर म्हणजे बांधावर, एक प्लास्टिकची खुर्ची मांडलेली. खुर्चीवर धुतलेला टॉवेल. मला बसवलं, हातात शहाळं दिलं. त्या शेतात दुसरी खुर्ची नव्हती.

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, काय हा कोकणी पाहुणचार. काजू बघायला आलेल्या परक्या माणसाची केवढी ही सरबराई. आपलं सोंग बेमालूम वठलंय या खुशीत मी अख्खं शहाळं संपवलं. मोबाइल मागच्या काजूच्या बेचक्यात अडकवून चालू करून दिला.

मॅच सुरू झाली. आणि काय सांगू, त्या पोराने पाचव्या मिनिटाला गोल मारला. मग दुसरा. मग तिसरा. बॉल घेऊन निघाला की समोरचे खेळाडू बाजूला होत होते. त्याचा दराराच तसा आहे, असं मी डायरीत लिहिलं. एक बचावपटू तर ऐन वेळी खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागला. "बचाव बेशिस्त" असंही लिहिलं.

पण सगळ्यात वाईट होता गोलकीपर. दाजी म्हणत होते त्याला. लांबलचक हात, उंच, चपळ दिसायला, आणि खेळायला असा की बॉल उजवीकडे आला की हा डावीकडे झेप घेणार. डावीकडे आला की उजवीकडे. एकदा नाही, प्रत्येक वेळी. मला ते बघवेना. शिक्षकाची जात हो, राहवत नाही.

हाफ टाइमला मी टोपी, काजू सगळं विसरून शेतात उतरलो. दाजीला बाजूला घेतलं आणि शिकवायला सुरुवात केली. गुडघे कसे वाकवायचे, हात कसे ठेवायचे. म्हटलं, बाळा, बॉलवर नजर ठेव, मारणाऱ्याच्या पायाकडे बघ, डोळे मिटू नकोस. स्वतः दोन झेपा घेऊन दाखवल्या, या वयात, त्या ढेकळांत. तो मान खाली घालून "होय सर, होय सर" म्हणत होता. काजूवाल्याला हा सर का म्हणतोय, हा प्रश्न मला पडला नाही. शेवटी मीच म्हटलं, तुझ्यात हा खेळ नाही रे, याचा नाद सोड, कामधंद्याचं बघ. वाईट वाटून घेऊ नकोस, कोणीतरी खरं सांगायला हवं.

हाफ टाइमनंतर संघांनी बाजूसुद्धा बदलल्या नाहीत. म्हातारे म्हणाले, तिकडे ऊन डोळ्यांवर येतं. मला पटलं. सुयोगने आणखी चार मारले. एकूण सात. मी तिथल्या तिथे उभा राहून सांगितलं, की मी कॉलेजचा धुरी सर आणि सुयोगची निवड झाली. मला वाटलं, सगळे चकित होतील. सगळ्यांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या. परत येताना माझ्या हातात आंब्यांची करंडी होती.

जूनमध्ये सराव सुरू झाला आणि सुयोगला काही गोल होईना. पहिले चार दिवस मी म्हटलं, लाजतोय. मग म्हटलं, चिखलाची सवय नाही. मग म्हटलं, बूट चावत असतील. माझे बूट दिले त्याला. एकदा तर गोलपोस्ट मोजून घेतली, लहान तर नाही ना झाली म्हणून. हसताय काय? बुडणारा माणूस काहीही मोजतो.

इकडे मानसी मॅडम काही बोलत नव्हत्या आणि तेच मला जास्त लागत होतं. एक दिवस स्टाफरूममध्ये मी मोबाइल त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, बघा, सात गोल आहेत, मी काय डोळे मिटून निवड केली नाही.

मॅडमनी बघायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात पदर तोंडाला लावला. मला जवळ बोलावून तो नाडी बांधणारा बचावपटू दाखवला. पोरगा अनवाणी होता हो. पायात बूटच नव्हते, आणि हा नाडी बांधतोय. मी तिथून वीस पावलांवर खुर्चीत बसलो होतो.

 पण मॅडमचं हसू एकाएकी थांबलं. त्यांनी व्हिडिओ मागे घेतला, अगदी हळू चालवला, परत मागे घेतला. मग म्हणाल्या, "सर, सुयोगला सोडा. या गोलकीपरचे पाय बघा. बॉल सुटायच्या आधीच हा, बॉल जिकडे जाणार बरोबर त्या बाजूला वळतोय. आणि मग मुद्दाम उलटी उडी मारतोय. सातही वेळा."

सातही वेळा आम्ही बघितलं. बॉल कुठे येणार हे ज्याला सातही वेळा आधी कळतं, त्याला मी बॉलवर नजर ठेवायला शिकवून आलो होतो.

सुयोगला बोलावलं. पोरगा सरळ, लगेच कबूल झाला. खेळाडू म्हणून प्रवेश मिळाला तर फी माफ होती, म्हणून अख्ख्या वाडीने मिळून त्याला गोल मारू दिले होते. "दाजी आयकना नाय हुतो, सर," तो म्हणाला. "तेका गोल सोडूक जमना नाय. शेवटी माझ्या आवशीन तेका शपथ घातल्यान."

तुझ्या आईला मी येणार हे कळलं कसं, विचारलं. तर म्हणे, आवस तुमच्याच दारार मासे घेवन येता मा. म्हणजे आमची लताकाकी. आमच्या हिने तिला सांगितलं होतं, उद्या बांगडे नकोत, हे तुमच्या वाडीत मॅच बघायला चाललेत. वीस वर्षं मी त्या बाईकडून मासे घेतोय. तिला मुलगा आहे की नाही हे एकदाही विचारलं नाही, फक्त कल्ले उचलून बघितले.

मी रागावलो नाही. खोटं कशाला सांगू, रागवायला तोंडच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी पहिल्या एसटीने वाडीत गेलो. दाजी होडीवर जाळं आवरत होता. बारावी झाली तशी गोव्यात एका हॉटेलात कामाला लागायचं त्याचं ठरलं होतं, आठवडाभरात निघणार होता. मी म्हटलं, कॉलेजला ये, माझ्या संघात खेळ. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुमीच सांगितलात मा, हेचो नाद सोड, कामधंद्याचा बग म्हणान."

 मी तिथेच स्वतःचे कान धरले. वाळूत, चार माणसांसमोर. चुकलो रे बाबा, म्हटलं. तो गडबडला, लाजला आणि हसला. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी त्याचा फॉर्म मी स्वतः खिडकीवर नेऊन दिला.

ऑगस्टमध्ये पहिल्या फेरीची मॅच झाली. पाऊस, चिखल, आणि समोरचा संघ आमच्याहून सर्व बाबतींत सरस. सुयोग बाहेर बसून घसा फोडून ओरडत होता, ते काम मात्र त्याला उत्तम जमतं. आम्हाला एकही गोल करता आला नाही. पण त्यांनाही आला नाही. दाजी उभा होता. मग पेनल्टीवर गेली मॅच, त्याने तीन अडवल्या आणि आम्ही जिंकलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पावसामुळे कोणाला कळलं नाही.

प्राचार्य छत्री घेऊन मैदानात आले. सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटून म्हणाले, धुरी सर, काय नजर आहे हो तुमची. फुटबॉल राहिला. मानसी मॅडम शेजारी उभ्या होत्या, त्या आकाशाकडे बघत होत्या. 

परतताना गाडीत मी दाजीच्या बाजूला बसलो. अगदी तृप्त होतो. म्हटलं, काय रे, आज कठीण गेलं ना? तीन-तीन पेनल्टी.

"आजचा सोपा हुता, सर," तो म्हणाला. "त्या दिसा सात सोडताना माका घाम फुटलो हुतो. तुमी एवढे जुने सर, माझ्या हातभर अंतरार बसलेले. आता पकडतले, मग पकडतले, म्हणान माझे पाय कापत हुते."

"मग?"

"मगे हाफ टायमाक तुमी माका बॉल कसो बघूचो तां शिकवलात," दाजी म्हणाला, "आणि माझी सगळी भीती गेली."